सासूबाई नव्या गिऱ्हाईक झाल्या तेव्हा

माझ्या सासऱ्यांची सगळी नोकरी खनिजाच्या बार्जवर झाली. डिचोलीकडच्या खाणींचा माल ट्रकांनी नदीकाठच्या धक्क्यावर यायचा, बार्जमध्ये पडायचा आणि मांडवीतून खाली मुरगावला जायचा. बाबा, म्हणजे सासरे, त्या बार्जचं इंजीन सांभाळायचे. मुरगावला बार्ज मोठ्या जहाजाला टेकली की जहाजाची काळी भिंत डोक्यावर उभी राहायची आणि वरून कुणी परदेशी खलाशी सिगारेट ओढत खाली बघायचा. "जहाजं मी पुष्कळ बघितली," बाबा म्हणायचे, "पण सगळी खालून."

म्हणून ते निवृत्त झाल्यावर माझ्या नवऱ्याने आम्हा पाचजणांची क्रूझची तिकिटं काढली. बाबा, आई म्हणजे माझ्या सासूबाई, आम्ही दोघं आणि आमची मुलगी, ती तेव्हा शाळेत होती. मुरगावला चढायचं, एक दिवस नुसतं पाणी बघायचं, एक दिवस मुंबईला थांबायचं आणि परत मुरगावला उतरायचं. जहाज सुटताना बाबा कठड्याला धरून उभे होते. खाली एक बार्ज दिसली. त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. बार्जवरच्या माणसाने मान वर केली, जरा बघितलं आणि पुन्हा आपल्या दोरखंडाला लागला. बाबा एवढे खूश झाले की जेवायची वेळ झाली तरी तिथून हलेनात.

त्यानंतर आणखी दोनदा गेलो. दर वेळी तीच कंपनी, तेच जहाज. दुसऱ्या कंपनीचा विचारही बाबांच्या मनात आला नसता. डिचोलीच्या बाजारातला त्यांचा न्हावी आता इतका म्हातारा झालाय की दाढी करताना त्याचा हात थरथरतो. शेजारचे लोक केव्हाच दुसरीकडे जायला लागले. बाबा मात्र त्याच खुर्चीत बसतात आणि गालावर कापलं तर घरी येऊन तुरटी लावतात. आमच्या पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, गोल उंडे दरवर्षी लहान होत गेले आणि महाग होत गेले. पाव तो पाव, तो काय सोन्याचा असतो, असं आई कुरकुरली तर बाबा म्हणाले, "सकाळी पावसातून सायकल मारत तो दारात येतो. त्याला कसा सोडायचा?"

तिसऱ्या सफरीत कंपनीने बाबांना सोनेरी रंगाचं कार्ड दिलं. त्यावर त्यांचं नाव छापलेलं होतं. सोनेरी कार्डवाल्यांसाठी चढताना वेगळी रांग होती. पण तोवर सोनेरी कार्डवाले इतके झाले होते की ती रांग साध्या रांगेपेक्षा लांब होती. बाबा तरीही तिथेच उभे राहिले. आम्ही बाकीचे साध्या रांगेतून कधीच आत पोचलो होतो.

भाव मात्र वाढत होता. पहिल्या वेळी एकदा पैसे भरले की सगळं त्यात आलं. दुसऱ्या वेळी जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, खोलीला वेगळे पैसे. तिसऱ्या वेळी सेवाशुल्क म्हणून एक बिल शेवटच्या दिवशी दाराखालून आत सरकवलं. बाबांनी प्रत्येक वेळी कंपनीची बाजू घेतली. डिझेल महागलंय, ते म्हणायचे. एवढ्या मोठ्या इंजिनाला किती लागतं, तुम्हाला काय कळणार?

चौथ्या सफरीची वेळ आली. रविवारी सकाळी नवरा बलकांवात, दारापुढच्या सोप्यात, फोन घेऊन बसला आणि तेच आकडे पुन्हापुन्हा बघत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"पहिल्या वेळी आपण पाचजण ज्या पैशांत गेलो ना, तेवढ्यात आता दोघं जातील. तेही बिनजनेलाच्या खोलीत."

बाबांनी चष्मा पुसला. "कार्डाचा नंबर घातलास?"

"घातला."

"मग?"

"चढल्यावर एक सरबत फुकट. आणि ती रांग."

"आणि भाव?"

"भाव तोच, बाबा."

मुलगी आता म्हापशाला कॉलेजात जाते. तिने आपला फोन काढला आणि स्वतःच्या नावाने बघायला सुरुवात केली. थोड्या वेळाने तिने फोन आजोबांच्या पुढे धरला. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी भाव बराच कमी होता. शिवाय एका खोलीत तिघं राहिली तर तिसऱ्याचं तिकीट माफ.

बाबांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे जे कधी आलेच नाहीत त्यांना स्वस्त? आणि आम्ही तीनदा गेलो, आम्हाला महाग?"

"तुम्ही येणारच हे त्यांना माहीत आहे, आजोबा. म्हणून."

हे वाक्य त्यांना फार लागलं. त्यांनी स्वतः कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात हिंदीत बोलत होती. बाबा आपल्या बार्जवरच्या हिंदीत. त्यांनी तिला पोदेराचं सगळं सांगितलं. आमचा पोदेर भाव वाढवतो, पण सगळ्यांना सारखाच वाढवतो. नवीन गिऱ्हाइकाला मोठा उंडो आणि जुन्याला लहान, असं तो करत नाही. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाली, की सर, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावाने नवीन खातं उघडा, म्हणजे तुम्हालाही तो भाव मिळेल.

"तीनदा गेलेला माणूस मी," बाबा म्हणाले, "नवीन म्हणून खोटं कसं सांगू?" आणि त्यांनी फोन ठेवला.

आतून आई सगळं ऐकत होती. ती सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडत बसली होती.

"झालं," बाबा जाहीर करून मोकळे झाले. "आता जायचं नाही. कुणीच नाही. संपला विषय."

आई मूळची बांद्याची. लग्न होऊन गोव्यात येऊन पन्नास वर्षं होत आली, पण तिची मालवणी सुटली नाही. तिने सूप बाजूला ठेवलं आणि बाहेर आली.

"तुमी रवा घरात," ती म्हणाली. "मी जातंय."

आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. घरातल्या निर्णयांत ती पडत नसे.

"अगो, पण तो भाव..." बाबा म्हणाले.

"त्या कार्डार माझा नाव आसा?"

नव्हतं. नवऱ्याने कंपनीचे जुने कागद शोधून बघितले. तिन्ही वेळा तिकिटं बाबांच्या नावाने काढलेली. त्यांच्या नावाखाली लिहिलेलं होतं, सोबत चार माणसं.

"मगे मी खरीच नवी आसंय," आई म्हणाली.

तरीही बाबांचं समाधान होईना. खोटं ते खोटंच, त्यांचं म्हणणं. तेव्हा आईने माझ्याकडून फोन लावून घेतला आणि स्वतः बोलली. तिला हिंदी जेमतेम येते, पण तिने काही लपवलं नाही. तीनदा आले आहे, नवऱ्याबरोबर, ती म्हणाली. माझं नाव तुमच्याकडे कुठे आहे का बघा. पलीकडच्या मुलीने बघितलं, पुन्हा बघितलं आणि सांगितलं, की नाही मॅडम, आमच्याकडे तुमची काहीच नोंद नाही, तुम्ही नवीनच आहात.

आईने फोनवर हात ठेवून बाबांकडे बघितलं. "आयकलास?"

तिकीट तिने आपल्या नावाने काढलं. सोबत मी आणि मुलगी, तिघी एका खोलीत. पैसे तिनेच दिले, कोंबड्यांची अंडी आणि परसातल्या कोकमांचे सोले विकून साठवलेले. माझ्या नवऱ्याने अर्धे देऊ केले तर ऐकलं नाही.

मुरगावला आम्हाला सोडायला बाबा आले, पण गाडीतून उतरले नाहीत. आम्ही साध्या रांगेत उभ्या राहिलो आणि दहा मिनिटांत आत गेलो.

आधीच्या तीन सफरींत आम्ही जहाज बघितलं ते बाबांच्या मागून. ते म्हणाले, नांगर बघा, की सगळ्यांनी नांगर बघायचा. ते म्हणाले, हा आवाज ऐका, की सगळ्यांनी आवाज ऐकायचा. आईला जहाजाचा पुढचा भाग माहीत होता, मागचा माहीत होता, यंत्रं कुठे आहेत ते माहीत होतं. सकाळी जेवणघरात किती वेळ बसता येतं हे मात्र तिला कळलं ते या वेळी. ती दोन तास बसली. समोरची माणसं उठली, दुसरी आली, तीही उठली. आईने चार वेळा चहा घेतला.

"माका कोणी चाय करून दिलेली लग्नापासून आठवत नाय," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. नवल वाटल्यासारखं.

दुपारी आम्ही वरच्या डेकवर गेलो. तिथे पोहण्याचा तलाव आहे. मागच्या वेळी बाबांनी ठरवून टाकलं होतं की तो मुलांसाठी आहे, त्यामुळे आम्ही कधी थांबलोच नव्हतो. आई कठड्याशी खुर्ची ओढून बसली आणि पाण्याकडे बघत राहिली. मग तिने नातीला विचारलं, "ह्या पाण्यात उतराक काय घालूचा लागता?"

सुती कपडे चालत नाहीत अशी पाटी होती. नात आजीला घेऊन जहाजावरच्या दुकानात गेली. तिथे पूर्ण हाताचा, पायघोळ विजारीचा पोहण्याचा पोशाख मिळाला. मी भावाची चिठ्ठी उलटी करून बघायला गेले तर आईने माझा हात धरला. "भाव इचारू नको. घे."

खरं सांगायचं तर मला वाटलं, ती पायरीवर बसून पाय भिजवेल. अडुसष्ट वर्षांची बाई. आमच्या घरी विहीर आहे, नदी दूर नाही, पण मी लग्न होऊन आल्यापासून तिला कधी घोट्याच्या वर पाण्यात बघितलं नव्हतं. ती शिडीच्या दांड्याला धरून उतरली. ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि दांडा सोडला.

"आई!" मी ओरडले. काठावरचा रखवालदार ताडकन उभा राहिला.

आई पोहत होती. डोकं वर, हनुवटी पाण्याला टेकलेली, हात दोन्हीकडे फाकत, सावकाश. नदीत पोहणारी माणसं पोहतात तशी. ती पलीकडच्या काठाला गेली, हात टेकवला, वळली आणि परत आली. रखवालदार हसून खाली बसला. दोन-चार बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"पाणी खारा आसा," आई एवढंच म्हणाली आणि पुन्हा निघाली.

नंतर टॉवेल गुंडाळून बसल्यावर तिने सांगितलं. बांद्याची नदी, तीच पुढे तेरेखोलला समुद्राला मिळते, माझ्या माहेरच्या कोरगावपासून ती काही फार लांब नाही. त्या नदीत ती भावांबरोबर रोज पोहायची. पावसाळा संपून पाणी निवळलं की या काठावरून त्या काठाला शर्यत लागायची आणि धाकट्या दोघांना ती नेहमी हरवायची. लग्न झालं, डिचोलीला आली आणि ते तिथेच राहिलं.

"पण तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"कोणी इचारल्यानी?"

मुंबईला जहाज लागलं तेव्हा फोनला रेंज आली. घरून चार फोन आले. पहिला नवऱ्याचा, आमटीला कोकम कधी घालायचं. दुसरा त्याचाच, आमटी आंबट झाली आता काय करायचं. तिसरा पुन्हा त्याचा, गॅस कुठे बंद करतात. चौथा बाबांचा. त्यांनी आईसाठी काही निरोप दिलाच नाही, मलाच विचारलं, "इंजिनाचा आवाज बरा आहे ना गो?"

आई उरलेल्या दोन्ही दिवशी पोहली. शेवटच्या दिवशी तर तिच्याबरोबर पुण्याच्या दोन बायका उतरल्या, त्यांना ती पाय कसे मारायचे ते दाखवत होती.

मुरगावला आम्ही उतरलो तेव्हा बाबा गाडीबाहेर उभे होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला. राग गेलेला दिसत होता, किंवा तीन दिवस मुलाच्या हातचं जेवून टिकला नव्हता. आम्ही गाडीत बसतोय तोच मुलीने सांगून टाकलं.

"आजोबा, आजी पोहली!"

"कोण?"

"आजी. पूर्ण तलाव. रोज."

बाबा मागे वळले. आईकडे असं बघितलं की जणू तिला पहिल्यांदाच बघताहेत. मग आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "एवढी वर्षं पाण्यावर काढली मी. मला पोहता येत नाही."

"माका म्हायती हा," आई म्हणाली. "म्हणानच तुमी घराक येयसर माझो जीव थाऱ्यार नसायचो."

गाडी कुठ्ठाळीला आली. मग बाबांनी हळूच विचारलं, बांद्याची नदी किती रुंद होती. आईने सांगायला सुरुवात केली आणि माशेल ओलांडलं तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं.

यंदा भाव आणखी वाढला. कंपनीकडून आईला दर आठवड्याला फोनवर गोड संदेश येतात, आता तीही जुनी गिऱ्हाईक झाली. आम्ही कुणीच गेलो नाही. डिसेंबरात सगळे कोरगावला माझ्या माहेरी गेलो. तिथे काजूच्या बागेखाली व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, बांध घातलाय आणि त्या दिवसांत कमरेएवढं स्वच्छ पाणी असतं. सकाळी दहाच्या उन्हात बाबा जुनी अर्धी चड्डी घालून त्यात उतरले. आईने त्यांच्या पोटाखाली हात धरला होता. माझा भाऊ, वहिनी आणि शेजारची माणसं बांधावर रांगेने बसून बघत होती आणि प्रत्येकजण वेगळं काहीतरी सुचवत होता.

"पाय हालवा," आई ओरडत होती. "पाय! हात नाय, पाय!"

बाबांनी पाय हलवले. दोनेक हात अंतर पुढे गेले असतील, मग बुडाले, ठसकत उठले आणि नाकातलं पाणी पुसत म्हणाले, "पुन्हा धर."