निकोलबाईंची तलवार

व्हर्सायच्या फाटकाशेजारचे लोक निकोलबाईंविषयी म्हणत, "त्या बाईनं निम्मा दरबार कमरेपासून घडवलाय." राजवाड्यात शिरायला फारशी अट नव्हती, कमरेला तलवार आणि डोक्यावर टोपी असली की झाले. ज्यांच्याकडे त्या नसत, त्यांना निकोल गोबेर ही विधवा दोन्ही भाड्याने देई. फाटकावर दुसरे दुकान नव्हते.

माझा धाकटा भाऊ ब्लेझ कोठडीत होता. आमचे गाव राजाच्या शिकारीच्या रानाला लागून आहे. हरणे वाटाण्यात शिरली तर शेतकऱ्याने पाहत राहायचे, असा हुकूम. ब्लेझने ढेकूळ मारले. आता त्याला जहाजावर वल्ही मारायला धाडणार, असे कळले. मी पॅरिसला कायदा शिकलेला, घरातला एकुलता शहाणा. राजाच्या हाती अर्ज देण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. अर्ज मी नऊ पानी लिहिला. आठ पानांत राजाची स्तुती होती. भाऊ नवव्या पानावर आला.

"तलवार डाव्या बाजूला, वकीलसाहेब," निकोलबाई म्हणाल्या. "आणि चालताना पायांत घेऊ नका. काल एकजण जिना गडगडत उतरला."

"बाई, मी शिकलेला माणूस आहे."

"म्हणूनच सांगतेय."

दालनात मी भिंतीशी उभा राहिलो. दुपारी कुणीतरी पुकारा केला, पहारेकरी आले, सर्वांनी टोप्या काढल्या. मी गुडघे टेकले, मान पार खाली घातली आणि पावले जवळ येताच "न्याय, महाराज" म्हणत अर्ज वर धरला. तो कुणीतरी घेतला. धन्य होऊन मी वर पाहिले, तर समोरून राजाचे जेवण नेले जात होते. राजाच्या ताटापुढेही टोपी काढायची असते, हे मला कोणत्याच ग्रंथात आढळले नव्हते. माझी नऊ पाने तितरांच्या झाकणावर ठेवून वाढपी गंभीरपणे पुढे गेला. राजा त्या दिवशी जेवून परस्पर शिकारीला निघून गेला.

"भेटला का राजा?" तलवार परत घेताना बाईंनी विचारले.

"अर्ज पोचला."

"कुणाला?"

"तितरांना."

त्या हसल्या नाहीत. ते मला अधिक लागले. त्यांनी एवढेच विचारले, "भावाला धरलं कुणी? गालावर मस असलेला तो रानाचा अधिकारी?"

"तोच."

"बरं."

आठवड्याने ब्लेझ घरी आला. सुटकेच्या कागदावर त्याच अधिकाऱ्याची सही होती आणि वर लिहिले होते, 'राजाच्या इच्छेने'. माझ्या सहाव्या पानावरच्या उपमेने काम केले, याविषयी मला शंका उरली नाही. तो कागद घेऊन मी मुद्दाम व्हर्सायला गेलो आणि बाईंना मोठ्याने वाचून दाखवला.

"जेवताना का होईना, महाराजांनी वाचला म्हणायचा," मी म्हणालो. "एवढ्या मोठ्या राज्यात एकाच माणसाचा शब्द चालतो, ही केवढी सोय आहे, बाई."

निकोलबाई तेलाच्या फडक्याने एक पाते पुसत होत्या. पुसता पुसताच म्हणाल्या, "तुमचा अर्ज त्याच दिवशी खरकट्याबरोबर बाहेर आला, त्यात मी चीज बांधलं. तो मसवाला स्वतःची तलवार विकून बसलाय, रोज माझीच लावून आत जातो. तुमचा भाऊ सुटेपर्यंत मी त्याला ती दिली नाही."