सुभेदारांची पोकळ भिंत

साइटवर दोन गोष्टी आपोआप साठत जातात, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि किस्से. गोण्या निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र माझ्याकडेच पडून आहेत, आणि त्यातले निम्मे एकाच घराचे!

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी डिप्लोमा करून इस्लामपुरात शिंगटे सरांच्या ऑफिसात साइट इंजिनिअर म्हणून लागलो. सर आर्किटेक्ट. पंख्याशिवाय गार राहणारं घर बांधायचं, हे त्यांचं वेड. पण तसं घर मागणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं, म्हसवडचे एक रिटायर्ड सुभेदार. त्यांच्या बायकोला, माईंना, दमा. घर पत्र्याचं, त्यात चुलीचा धूर. बारा वर्षं माई उशीला टेकून बसल्या बसल्याच झोपत होत्या.

सुभेदार पहिल्याच भेटीत म्हणाले, "शोभा नगं. हिला आडवं पडून झोप लागली पायजे. बस्स!"

सर 'हो' म्हणाले खरे, पण बाहेर आल्यावर बराच वेळ रुमालाने मान पुसत होते.

*

वारा कुठून येतो ते बघायला सर प्लॉटवर उदबत्ती घेऊन फिरायचे. घरात वास येऊ नये म्हणून संडासाची जागाही त्या धुरावरूनच ठरायची. म्हसवडला त्यांनी खूप निरखून एका कोपऱ्यात खुणेचा दगड ठेवला, उरलेली उदबत्ती तिथेच खोचली आणि आम्ही निघालो.

आठवड्याने जाऊन बघतो तर दगडाला शेंदूर, पुढे फोडलेला नारळ आणि हात जोडून उभी असलेली एक म्हातारी!

"सर," सुभेदारांनी विचारलं, "नकाशात ह्या जाग्यावर काय हाय?"

सरांनी म्हातारीकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "संडास."

मग संडास पलीकडच्या कोपऱ्यात सरकवला. वाऱ्याच्या दृष्टीने पहिलीच जागा जास्त बरी होती, असं सर अजूनही म्हणतात.

*

गवंडी होते दस्तगीर मिस्त्री. हात सरळ आणि माणूस त्याहून सरळ. सरांनी त्यांना समजावलं, की विटा उभ्या लावायच्या आणि मधे पोकळी सोडायची, म्हणजे उन्हाचा ताव आत पोचत नाही. मिस्त्रींनी मान डोलावली.

चार दिवसांनी सरांनी भिंतीवर टिचकी मारली. आवाज भरीव! मिस्त्रींनी सगळी पोकळी विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल घालून ठासून भरली होती.

"हे काय केलंत मिस्त्री?"

"आवं, सुभेदारसायेब साधा मानूस. त्येंच्या भिंतीत पोकळ जागा ठिवून फसवायचं? ह्या हातानं बेइमानी व्हनार न्हाई. गुपचूप भरून टाकली. तुमचं बी नाव खराब व्हायला नगं!"

सर तिथेच विटांच्या ढिगावर बसले. भिंत पाडावी लागली. आपलंच काम पाडताना मिस्त्रींचा चेहरा बघवत नव्हता, मलाही फार वाईट वाटलं. नवी भिंत उभारायला ते थापीच उचलेनात. शेवटी सुभेदार पुढे झाले आणि कडक आवाजात म्हणाले, "मिस्त्री, मला फसवा. हुकूम हाय!"

*

ऊन परतवायला गच्चीवर आम्ही पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवले होते. उन्हाळ्यात शेजारच्या काकू तिथे कुरडया वाळत घालायला गेल्या आणि तशाच खाली आल्या.

"माई, तुमची गच्ची बिघडलीया. भर दुपारी अनवानी उभं ऱ्हाता येतंय!"

हे ऐकून सर इतके खूश झाले की पुढे महिनाभर भेटेल त्याला त्यांनी काकूंची तक्रार ऐकवली.

*

सरांनी घराला एक नियम घालून दिला होता. सकाळी नऊला खिडक्या बंद करायच्या आणि सूर्य बुडाला की उघडायच्या. सुभेदारांनी तो ऑर्डर म्हणूनच घेतला. एकदा सर आणि मी संध्याकाळी चहाला गेलो होतो, तेवढ्यात कर्रकन शिट्टी वाजली!

"खिडकी खोल!"

मुलगा, सून, एक पाहुणा, सगळे धावत आपापल्या खिडकीशी. सरही दचकून कप घेऊन उभे राहिले.

"सर, तुमाला वरचा झरोका दिलाय," सुभेदार म्हणाले. "स्टुलावर चढा."

आणि सर चढले!

*

पण माईंच्या झोपेचं काय, हे काही कळेना. विचारायचं धाडस सरांना होत नव्हतं. मे संपत आला तसे ते टपालवाला दिसला तरी बेचैन व्हायचे. घर फसलं तर माईंचं बसून झोपणं काही सुटणार नव्हतं, आणि असं घर पुन्हा कुणी मागणारही नव्हतं.

एका सकाळी सुभेदार स्वतःच ऑफिसात येऊन उभे राहिले. दस्तगीर मिस्त्रीही तिथे चहा पीत बसले होते.

"तक्रार हाय!"

सरांचा चेहरा उतरला. "माईंना... झोप लागत नाही?"

"लागती की! आडवी पडून लागती."

"मग?"

"घोरती!" सुभेदारांनी टेबलावर हात आपटला. "बारा वरसं हिच्या खोकल्यानं जागा हुतो, आता घोरन्यानं जागा हाय! पार गल्लीच्या कोपऱ्यापत्तुर ऐकू येतंय." आणि हातातला पेढ्यांचा पुडा त्यांनी सरांपुढे ठेवला.

मिस्त्रींनी कप खाली ठेवला आणि अगदी मनापासून विचारलं, "सायेब, न्हाईतर भित भरून दिऊ का परत?"

"खबरदार!" सुभेदार ओरडले. "घोरू दे तिला!"