सूप पिणारा शिपाई

कोंपिएन्यच्या रानातल्या संग्रहालयात मी तिकिटं फाडते. पहिल्या महायुद्धाची युद्धबंदी इथंच, रेल्वेच्या डब्यात झाली. लोक डबा बघतात, फोटो काढतात नि निघतात. त्यांचा मला मनस्वी कंटाळा.

फर्नांद वासर मात्र दर रविवारी यायची ती डब्याकडे ढुंकूनही न बघता थेट कोपऱ्यातल्या लाकडी पेटीकडे. अशा पेट्या इथं बऱ्याच; त्यांच्या दोन भिंगांना दोन डोळे लावून कळ फिरवली की खंदकातली माणसं फोटोतून पुढे येतात, अगदी हात लावावा इतकी. एका वेळी एकानंच बघायचं.

तिच्या पेटीत एक मिशाळ शिपाई एकटाच सूप पीत बसलेला. हे माझे बाबा, असं ती सांगायची. बाप युद्धबंदीच्या आठवड्यातच गेला, तेव्हा ही आईच्या पोटात. त्याचा एकुलता एक फोटो दुसऱ्या युद्धात घरासकट जळला. लग्न केलं नाही, पुढे आईही गेली, मग बोलायला कोंबड्याच उरल्या.

माझी जीभ तिखट. एकदा म्हटलंच, की असल्या मिशा अर्ध्या फौजेला होत्या. ती थर्मासमधली कॉफी मला ओतत म्हणाली, "ज्याला न्यायला कुणी आलं नाही, त्याला बाप म्हणायला कुणाची परवानगी लागते गं?"

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या ऑक्टोबरात ती तणतणत माझ्या खिडकीशी आली. पेटी बिघडलीय, बाबा पुढे येत नाहीत, चपटे झालेत. मी जाऊन बघितलं. शिपाई होता तसा पुढे बसलेला. मग तिच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं. विचारलं, तर म्हणाली, डावा डोळा उन्हाळ्यातच गेला, त्याचं इथं काय? कुणाला सांगितलंही नव्हतं. सांगणार कुणाला, कोंबड्यांना?

एका डोळ्याला पेटीतली माणसं चपटीच दिसणार, हे मला ठाऊक होतं. तरी म्हटलं, कारागीर बोलावते.

पुढच्या रविवारी ती बराच वेळ पेट्यांपाशी होती. मग येऊन तिनं माझी बाही धरली.

"सगळ्या पेट्या बघून आले. सगळीच माणसं कागदाची झालीत. एवढ्या पेट्या एकदम बिघडत नाहीत, पोरी."

तिनंच मला कोपऱ्यातल्या पेटीपाशी नेलं.

"तू बघ. आहेत ना?"

मी डोळे लावले. "आहेत."

"मग थांब जरा त्यांच्यापाशी," ती म्हणाली. "एकटेच जेवतात."