नानांचे दूरचे राजे

माझ्या बायकोच्या मामांना, म्हणजे शिंदखेड्याकडच्या नानांना, अल्जेरियाची जेवढी काळजी आहे तेवढी खुद्द अल्जेरियात कुणाला नसेल. नाना सुरतेच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत. पण निवृत्तीनंतर मोबाइलवर त्यांना तिथल्या मूळच्या अमाझिग लोकांच्या राजांची प्राचीन दगडी थडगी दिसली आणि त्यांचा जीव तिकडेच अडकला. सकाळी आधी तिथलं हवामान बघायचं, मग आपल्या कपाशीवरचं आभाळ. एकदा कडब्याची गंजीसुद्धा त्यांनी त्या थडग्यासारखी गोल, वर पायऱ्या-पायऱ्यांनी निमुळती रचली आणि तिला कुणी हात लावायचा नाही असं फर्मान काढलं. बैल समोर ताटकळत उभे. शेवटी मामींनी एका दुपारी त्या वारशाची एक बाजू उपसून बैलांपुढे टाकली.

मी धुळ्यात राहतो आणि शिकलेला समजला जातो, म्हणून हे सगळं मलाच ऐकावं लागतं. मी हुंकार देत ऐकतो आणि चारचौघांत तेच स्वतःच्या व्यासंगाच्या नावावर खपवतो. कॉलनीच्या गणेशोत्सवात मी वारशावर भाषण ठोकलं. नानांना मुद्दाम गावाहून बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. थडग्यांचे दगड काढून लोकांनी घरं बांधली, हे सांगताना मी टेबलावर मूठही आपटली. बायको जांभया देत होती.

दुसऱ्या दिवशी नाना आमच्या मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापुढे उकिडवे बसलेले. दगड त्यांनी कसा कोण जाणे, एका बाजूवर उभा केला होता. खालच्या अंगाला सुरेख वेलबुट्टी कोरलेली. इतकी वर्षं मी तिच्या पाठीवर बनियन आपटत होतो.

"जवाईबापू, हाऊ दगड आमना गावनी कबरना शे," नाना म्हणाले. त्यांच्या गावाबाहेर कुणा विसरलेल्या सरदाराची पडकी कबर आहे.

"कशावरून?"

"तुमना लगनमा मीच टेम्पोमा ठेवा व्हता. भाचीले चांगला दगड देवाना व्हता."

त्याच दिवशी आम्ही तो परत नेला. कबरीच्या चौथऱ्यात त्याची जागा अजून रिकामी होती. नानांनी दगड फिरवून फिरवून बसवून पाहिला. पण आमच्या धुण्यानं कडा झिजल्या होत्या, तो डुगडुगत राहिला. "सिमेंट भरू या," मी सुचवलं. शिकलेला ना मी.

"नको. आठेच ठेवा, त्याना पायजोडे." आम्ही दगड कबरीच्या पायांकडच्या बाजूला टेकवला.

मग नाना चप्पल काढून कबरीशी बसले. "भाऊ, दगड परत लई उनू," ते आतल्या सरदाराला हळूच म्हणाले, "पन आते बसत नई."

मीही चप्पल काढून त्यांच्या शेजारी टेकलो. नानांनी सरकून मला जागा करून दिली.