शोकसभेत हळद

बनसोडे गुरुजींच्या शोकसभेत हळदीचा धिंगाणा मी मुद्दाम वाजवला नाही. हे मी कॉलनीत घरोघरी जाऊन सांगून आलोय. लोक "हो हो, बरोबर" म्हणतात आणि चहाचं विचारत नाहीत.

त्याचं असं झालं. ऑफिसने भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर मी घरी आणला, त्यात विंडोजऐवजी फुकटात मिळणारं लिनक्स घातलं आणि तो टीव्हीला जोडला. घरच्या घरी थिएटर! घरातले सगळे व्हिडिओ, फोटो, गाणी एका जागी.

"यासाठी बाजारात तयार डबी मिळते," सुनीता, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

मी तिच्याकडे दयेने पाहिलं. (तयार डबी कुणीही लावेल. त्यात माणसाचं कर्तृत्व काय?)

चित्र झकास आलं. आवाज आला नाही. टीव्ही ठार मुका! म्हणून मी आमचा ब्लूटूथ स्पीकर तात्पुरता कॉम्प्युटरला जोडून दिला. हा स्पीकर दिसायला तांब्याएवढा, पण सोडला की शेजारी भिंतीवर बुक्की मारतात. तात्पुरतं काम छान चाललं, म्हणून कायमचं करायचं राहून गेलं.

तेवढ्यात बनसोडे गुरुजी गेले. अर्ध्या कॉलनीला त्यांनी शिकवलं होतं. मलाही, चौथीत. रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. हा हॉल बरोबर आमच्या फ्लॅटच्या खाली. सूत्रसंचालन सुनीताकडे.

"अहो, तो स्पीकर नेते. सुरुवातीला बुद्धवंदना लावायचीय. तुम्ही येताय ना?"

"तू हो पुढे. पाच मिनिटांत आलोच."

स्पीकर मी स्वतःच्या हाताने चार्ज करून तिला दिला. (हे वाक्य मी कॉलनीत सांगत नाही.)

आता स्पीकर गेला आणि टीव्ही पुन्हा मुका झाला. आणि आईला नेमकी तेव्हाच निफाडच्या पुतण्याची हळद बघायची होती. गुडघ्यामुळे तिला जाता आलं नव्हतं, मी व्हिडिओ करवून आणला होता.

"आरं, गुरुजींची सभा हाय आन् तू हितं काय खुटखुट करतो? जा की खाली," आई म्हणाली.

"आवाज आणतो आणि जातो."

लिनक्समध्ये एक काळी खिडकी असते. त्यात योग्य तो हुकूम टाइप केला की स्पीकरची चाचणी होते. एक इंग्रजी बाई स्पष्ट उच्चारांत म्हणते, "फ्रंट लेफ्ट! फ्रंट राइट!" मी हुकूम सोडला. पडद्यावर आलं, आवाज चालू आहे. टीव्ही गप्प.

"खालून कोन बाई बोलती रं?" आई.

"सुनीता असेल."

"इंग्रजीत?"

"आई, तू एकदा कान तपासून घे बरं!"

मी आवाज शंभरावर नेला. काही नाही. लिनक्स मनाने मोठं आहे, ते शंभराच्या वरही जाऊ देतं. दीडशे! पुन्हा हुकूम सोडला. टीव्ही गप्प. मग म्हटलं, चाचणीतच काहीतरी खोट असेल, थेट हळदच लावू. पडद्यावर मांडव आला, पिवळीधम्मक मंडळी आली, आणि मधोमध माईक घेऊन तोंड हलवणारा मी आलो.

"आला आवाज!" आई खूश.

"कुठे?"

"खालून!"

आणि मग फरशीखालून मला माझाच आवाज ऐकू आला. थांबवायचं बटण शोधायला गेलो, तर चित्र आणखी मोठं झालं! दारात सुनीता उभी. धापा टाकत, पण अगदी हळू म्हणाली, "अहो, ते बंद करा."

मी काळ्या खिडकीत हुकूम शोधतोय, तोवर आई दुखऱ्या गुडघ्याने उठली आणि तिने भिंतीवरचं बटण बंद केलं.

खाली काय झालं ते सुनीताने जिन्यात सांगितलं. वंदना संपल्यावर तिने फोन बंद केला. मोकळा झालेला स्पीकर ब्लूटूथवरून ओळखीचं माणूस शोधत वर आला आणि माझ्या कॉम्प्युटरला चिकटला. तेवढ्यात सोसायटीचे सचिव खैरनार म्हणाले, "आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू." सगळ्यांनी माना खाली घातल्या. "फ्रंट लेफ्ट!" सगळे डावीकडे बघायला लागले. "फ्रंट राइट!" सगळे उजवीकडे. खैरनारांनी घसा खाकरून शांतता पहिल्यापासून सुरू केली. पुन्हा तीच बाई, आता दीडशेच्या जोरावर. खैरनार शिस्तीचे, त्यांनी तिसऱ्यांदा शांतता सुरू केली. आणि त्या शांततेत माझा आवाज घुमला: "अरे, असे मेल्यासारखे उभे काय राहिलात? हात वर करा! नाचा!" पाठोपाठ डीजे.

मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात वर केलेसुद्धा.

हॉलमध्ये शिरलो तेव्हा सगळ्यांनी बाजूला सरून मला वाट करून दिली. गुरुजींच्या फोटोकडे बघायची हिंमत होईना. फोटोशेजारी बनसोडे काकू बसल्या होत्या, तोंडाला पदर, खांदे गदगदत होते. मी त्यांच्यापुढे वाकलो.

"काकू, चुकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं." (पुन्हा तोच शब्द तोंडातून गेला आणि जीभ चावली!)

काकूंनी पदर बाजूला केला. त्या हसत होत्या. डोळ्यांत पाणी होतं ते होतंच, पण हसत होत्या.

"हे असते ना, तर तुला इथंच उठाबशा काढायला लावल्या असत्या."

"काढतो काकू." आणि मी खरंच कान धरले.

"राहू दे रे. आता या वयात बसलास तर उठवायला चार माणसं लागायची. ये, फूल वाहा."

फूल वाहिलं. ते घरंगळून खाली पडलं. काकूंनीच उचलून नीट ठेवलं. त्या रागावल्या असत्या, तर मला रात्री झोप लागली असती.

तेव्हापासून कॉलनीत कुणीही गेलं की सभेचा निरोप सगळ्यांत आधी मला येतो, आणि मला मानाने पहिल्या रांगेत बसवतात. खैरनार उभे राहतात, हॉलभर नजर फिरवतात आणि विचारतात, "बोरस्ते खाली आलेत ना?" मी हात वर करतो. मगच दिवंगताच्या आत्म्याला शांती मिळायला सुरुवात होते.