जर्मनीतला ऐतवार

मला विठ्ठलराव पहिल्यापासून आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मी जलालुद्दीनची बाजू का घेतो, असं पुढं कुणी विचारायला नको.

जलालुद्दीन आमच्या गावचा फळवाला. स्टँडच्या फाटकाजवळ लिंबाखाली त्याचा गाडा उभा असायचा, त्याच्या बापाचाही तिथंच असायचा. मागच्या निवडणुकीनंतर विठ्ठलराव पुढाऱ्यानं तो गाडा उचलायला लावला आणि त्या सावलीत भाच्याला, प्रवीणला, कोल्ड्रिंकचं दुकान थाटून दिलं. जलालुद्दीन रस्त्यापलीकडं, माझ्या शिलाईच्या दुकानापुढं, उन्हात आला. दुपारपर्यंत केळी काळी पडायची. प्रत्येक काळ्या केळ्यामागं तो विठ्ठलरावाला एक शिवी हासडायचा, पण हळू आवाजात. मी मात्र मोठ्यानं द्यायचो.

त्याची मुलगी अलमास अंबाजोगाईला नर्सिंग शिकली आणि आता जर्मनीत म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात काम करते. तिकडं दुपार झाली की इकडं संध्याकाळ, तेव्हा तिचा फोन येतो. नवीन होती तेव्हा एका रविवारी घरातलं दूध-पाव संपलं. बिचारी गावभर फिरली, पण एकही दुकान उघडं नाही. "अब्बा, इथं ऐतवारी माणूस मेलं तरी कफन मिळायचं न्हाई," असं ती रडत म्हणाली होती. जलालुद्दीननं ते आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं.

तर गेल्या उन्हाळ्यात विठ्ठलराव शेतीच्या अभ्यास दौऱ्यावर जर्मनीला निघाला. मुलीचा साखरपुडा ठरलेला. नांदूरघाटच्या व्याह्यांना त्यानं सगळ्यांसमोर शब्द दिला होता, की आतून लाकडी पाखरू बाहेर येऊन ओरडतं तसलं घड्याळ खुद्द जर्मनीहून आणून साखरपुड्यात देईन. जायच्या आदल्या दिवशी त्याची गाडी जलालुद्दीनच्या गाड्यापुढं थांबली.

"काय रं जलाल, तुझी पोरगी तिकडंच हाय ना? दुकानं कवा उघडतेत?" मग स्वतःच म्हणाला, "मी आपली सगळी खरेदी ऐतवारी करनार. बाजाराचा दिवस, सस्तं पडतंय."

आमच्या गावचा आठवडी बाजार रविवारचा. जगात कुठं रविवारी बाजार बंद असेल, हे त्या माणसाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

जलालुद्दीननं संत्रं पुसलं. "ऐतवारच बरा, साहेब," तो म्हणाला.

गाडी गेल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. मला त्या हसण्याची अजूनही लाज वाटत नाही.

रविवारी म्हणे विठ्ठलराव तिकडच्या एका लहानशा गावात दुकानाच्या काचेला नाक लावून उभा राहिला. आत भिंतभर घड्याळं, दाराला कुलूप. दुसऱ्या दिवशी पहाटेच विमान. साखरपुड्यात त्यानं विमानतळावरचे चॉकलेटचे डबे वाटले. व्याही सगळ्यांसमोर म्हणाले, "रावसाहेब, पाखरू उडालं का?" मंडप हसला, बायकाही हसल्या. विठ्ठलरावाचा चेहरा पडला.

बातमी ऐकून मी पेढे आणले. जलालुद्दीननं पेढा हातात धरला, खाल्ला नाही. "त्याला कुठं ठाव हाय, मी केलं म्हनून?" तो म्हणाला. सूड घेतला होता, पण तो कुणी घेतला हे समोरच्याला माहीत नव्हतं, आणि तेच त्याला सलत होतं. तो तडक बंगल्यावर निघाला. मीही मागं गेलो, मजा बघायला.

विठ्ठलराव ओसरीत पेपर वाचत होता.

"साहेब, तिकडं ऐतवारी बंद असतं, हे मला ठाव होतं," जलालुद्दीन म्हणाला. "मुद्दाम सांगितलं न्हाई."

विठ्ठलरावानं पेपर खाली ठेवला. "कावून बे? मी तुझं काय वाईट केलं?"

"माझी जागा घेतली तुमी."

"कंची जागा?"

तो नाटक करत नव्हता. खरंच आठवत नव्हतं त्याला. भाच्यासाठी त्यानं कुणाकुणाला उठवलं, ते त्याच्या लेखी नव्हतंच. माझ्या अंगाची आग झाली. जलालुद्दीन मात्र परत आला आणि त्यानं सावकाश गाड्यावर ताडपत्री टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानापुढं गाडा नव्हता. शोधत गेलो तर विठ्ठलरावाच्या बंगल्याच्या फाटकाला अगदी चिकटून उभा. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला "साहेबानं लिंबाखालून उठवलं, म्हनून हितं आलो" असं मोठ्यानं सांगत तो आंबे विकत होता.

विठ्ठलराव ओरडत बाहेर आला. "हितं किती दिवस उभा ऱ्हानार बे?"

"तुमाला याद येईस्तोवर," जलालुद्दीन म्हणाला आणि समोरच्या गिऱ्हाइकाचे आंबे तोलू लागला.