इनासची शेवटची ओवाळणी

कुमुदिनीबाईंनी पंधरा वर्षं दर भाऊबिजेला रघुरामला शिव्याशाप दिले आणि त्यातला एकही लागला नाही. उलट मेला फुगतच गेला. तमिळ मुलखातल्या एन्नोरच्या खाडीत वीजकेंद्राची राख ओतणारा साधा लॉरीवाला. त्याचा अड्यारच्या श्रीमंत वस्तीत बंगला झाला, अंगावर कडक इस्त्रीची वेष्टी, म्हणजे तिकडचं पांढरं धोतर, आली, सभांमध्ये पुढची खुर्ची आली. देव आहे की झोपलाय, असं बाई नवऱ्याला विचारायच्या. कृष्णकांतराव रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. ते पेपर वर करून तोंड झाकायचे.

शाप होते ते ब्रदर इनाससाठी. इनास वसईचा ख्रिस्ती पोरगा, व्रत घेऊन एन्नोरच्या कोळीवस्तीत शाळा चालवायला आलेला. बाजारात मासेवाल्याशी भांडताना बाईंच्या तोंडून अस्सल मराठी शिवी सुटली, तेव्हा मागे जो खदखदून हसला, तो हा. बाईंना सख्खा भाऊ नव्हता. माहेरी त्या चंद्राला ओवाळायच्या. त्या वर्षीच्या दिवाळीपासून पाटावर इनास बसू लागला. झग्याच्या खिशातून वसईची सुकेळी काढून तबकात टाकायचा. म्हणायचा, "ताई, ब्रदरची एवढीच ऐपत."

पण गरीब गाय तो मुळीच नव्हता. राखेने खाडीतले मासे मेले, पोरं खोकायला लागली, तेव्हा तो लॉऱ्यांपुढे उभा राहिला आणि एका ड्रायव्हरची गचांडी धरली. थोड्याच दिवसांत एका लॉरीने त्यालाच चिरडलं. इस्पितळात उशाशी बाई एकट्याच होत्या. त्याने डोळे उघडले आणि मराठीत म्हणाला, "ताई, रघुरामने लॉरी घातली. तोच चालवत होता. मी त्याला माफ केलंय. त्याला सांग." एवढं बोलून तो गेला.

बाईंनी त्यातलं पहिलं अर्धं फौजदाराला सांगितलं. तो म्हणाला, मराठी फक्त तुम्हाला कळली, आम्ही काय लिहायचं? अपघात म्हणून प्रकरण मिटलं. दुसरं अर्धं बाईंनी गिळून टाकलं. माफी? त्या चांडाळाला? माझ्या जिवात जीव असेतो मिळायची नाही! दरसाल त्या इनासच्या फोटोला ओवाळायच्या आणि त्याच तबकाच्या साक्षीने रघुरामचं वाटोळं मागायच्या.

मग चर्चने इनासला 'धन्य' जाहीर करायचं मनावर घेतलं. संतपदाच्या एक पायरी अलीकडचा हा मान. साक्षी घ्यायला फादर अरुळदास घरी आले आणि फोटोपुढचं निरांजन बघून दचकले.

"अक्का, जाहीर होईपर्यंत दिवा लावायचा नाही. पूजा होते असं दिसलं तर काम अडतं."

"तुमचा धन्य व्हायचा तेव्हा होवो. माझा तो भाऊ आहे," बाई कडाडल्या. "भावाला ओवाळायला कुणाची परवानगी घ्यायची?"

फादरांनी कपाळ पुसलं. काम तसंही अडलेलंच होतं. गरिबांसाठी मेला हे सगळेच सांगत होते, पण गचांडीही कुणी विसरत नव्हतं. रोमहून एकच प्रश्न आला होता: मरताना त्याच्या मनात द्वेष होता की क्षमा? "शपथेवर कुणी सांगितलं नाही, तर सगळं इथेच थांबेल," ते म्हणाले. "उशाशी तुम्हीच होता, अक्का."

कॉफी करते म्हणून बाई आत गेल्या. सांगावं तर रघुरामला माफी मिळते. न सांगावं तर भावाचं नाव आपल्याच हाताने बुडतं. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांना रडू फुटलं, रघुरामचा संताप आला, इनासचाही आला. माफ कशाला केलंस रे मेल्या? आणि मग एकदम लक्षात आलं. जगाच्या लेखी रघुरामने काही केलेलंच नव्हतं. गुन्हाच नाही, तर माफी कशाची? माफी सांगितली की गुन्हाही चव्हाट्यावर येणार. आजवर आपण ज्यावर झाकण घालून बसलो, ती त्याची माफी नव्हती, त्याचं पाप होतं. दूध उतू गेलं तरी बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

बाहेर येऊन त्यांनी शपथ घेतली आणि सगळं सांगितलं. नावापाशी फादरांचं पेन थांबलं.

"मोठा माणूस आहे. नाव गाळलं तर?"

"मग माफ कुणाला केलं म्हणून सांगाल? मला?"

फादर स्वतः एन्नोरच्याच कोळणीच्या पोटचे. त्यांनी नाव लिहिलं, आणि चांगलं ठळक लिहिलं.

रोमचा होकार आला आणि यंदा मैदानात इनासला 'धन्य' जाहीर करायचा सोहळा झाला. मांडव रघुरामने दिला होता. निवडणुकीत मतं मिळवून देणारं पुण्य दिसेल तिथे तो हजर असायचा. गळ्यात हार घालून तो पहिल्या रांगेत बसला. तमिळमध्ये इनासचं चरित्र वाचायला सुरुवात झाली. शेवटचे शब्द आले आणि कर्ण्यांवरून सगळ्या मैदानाने ऐकलं: रघुरामने लॉरी घातली. तोच चालवत होता. मी त्याला माफ केलंय.

कोळणींच्या माना एकदम वळल्या. मग त्या क्षमेसाठी टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या थांबेचनात. रघुरामची अवस्था बघण्यासारखी झाली. उठून जावं तर कबुली, बसून राहावं तर सगळ्या नजरा अंगावर. त्याने हार काढून मांडीवर ठेवला.

आता दिव्याला बंदी नव्हती. तबक घेऊन बाई इनासच्या तसबिरीकडे निघाल्या आणि वाटेत रघुरामपुढे थांबल्या. त्याला कळावं म्हणून सावकाश तमिळमध्ये बोलल्या.

"त्याने तुला सांगायला सांगितलं होतं, आज सांगितलं. माफ त्याने केलंय. मी नाही."